एकोणीस अक्षरांत कोण कोण बसतं

वाकड हे नाव शार्दूलविक्रीडित वृत्तात दोन ठिकाणी बसतं. ओळीच्या तिसऱ्या अक्षरापासून किंवा आठव्या अक्षरापासून. चाकणचंही तेच. हिंजवडी फक्त तिसऱ्यापासून, चिंचवड फक्त आठव्यापासून, आणि पिंपरीला मात्र तीन जागा मोकळ्या. ही माहिती जगात फारशी कुणाच्या उपयोगाची नाही, पण माझं घर काही अंशी तिच्यावर चालतं. मी लग्नांचं लिहिते. पत्रिकेचा मजकूर, मंगलाष्टकं, उखाणे, रुखवतावरच्या पाट्या, सूत्रसंचालकाच्या हातातला कागद. कुणी विचारलं काय करता, तर एका वाक्यात सांगता येत नाही. शेजारच्या सोसायटीत मला ‘मंगलाष्टकवाल्या काकू’ म्हणतात, ते पुरेसं आहे.

सुरुवात डांगे चौकाजवळच्या एका डीटीपी सेंटरवर झाली. श्री-लिपीत पत्रिका टाइप करायची, गिऱ्हाइकानं अल्बममधला नमुना दाखवायचा, मी नावं बदलायची. नमुना क्रमांक अमुक, वराचं नाव, वधूचं नाव, स्थळ, वेळ. दिवसभर नावं बदलता बदलता लक्षात आलं की लोकांना खरी काळजी नावांचीच असते. देवाच्या नावाखालचा श्लोक कुणी वाचून बघत नाही. पण ‘व्यवस्थापक’मध्ये धाकट्या चुलत्याचं नाव मोठ्याच्या वर आलं, तर छापलेला गठ्ठा परत येतो.

वाकड 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. त्याआधी आणि त्यानंतरही काही वर्षं इथे शेतं होती. मग हिंजवडीचं आयटी पार्क वाढलं आणि मुळेच्या अलीकडे इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यामुळे माझ्याकडे दोन तऱ्हांची गिऱ्हाइकं येतात. एक मूळ गावकरी, ज्यांच्या पत्रिकेवर सगळ्यांत वर ‘श्री म्हातोबा प्रसन्न’ असतं आणि ज्यांच्या लग्नाची तारीख काढताना चैत्र पौर्णिमेचं बगाड आधी बघितलं जातं, कारण त्या दिवशी हिंजवडीहून वाकडला बगाड येतं आणि घरातलं माणूस मिळत नाही. दुसरे सोसायट्यांतले. लातूर, जळगाव, नांदेड, सातारा, हैदराबाद, कोलकाता, कुठून कुठून आलेले. यांची तारीख सुट्ट्यांवर ठरते, मग पंचांगात त्याच्या आसपास काही सापडतं का ते बघतात. चातुर्मासात अडलं तर गुरुजी काढीव मुहूर्त देतात.

दोन्हीकडचं हल्लीचं वाक्य मात्र एकच. ‘काकू, सगळं आमच्यासारखं हवं.’

आणि असं म्हणून ते मोबाइल पुढे करतात. त्यात दुसऱ्यांच्या लग्नाचे फोटो असतात. फुलांची भिंत, तिच्यावर इंग्रजी अक्षरांतला दिव्यांचा फलक, दोघांची नावं जोडून केलेला एक हॅशटॅग, प्रवेशद्वाराशी ‘आम्ही कसे भेटलो’ याचा पाच चौकटींचा तक्ता. पहिल्या चौकटीत कॉफीचा कप. मला या सगळ्याबद्दल राग नाही, मंडपवाल्याचंही पोट आहे. पण त्याच्या गोदामात गेलात तर तो दिव्यांचा फलक भिंतीला टेकवून ठेवलेला दिसेल, आणि गेल्या रविवारी तो ज्यांच्या लग्नात होता त्यांनाही सगळं आपल्यासारखंच हवं होतं. वेगळेपण भाड्यानं आणलं की ते दुसऱ्या दिवशी परत करावं लागतं. रुखवतही आता भाड्यानं मिळतं. तांदळाचं तुळशीवृंदावन, सुपारीचे भटजी, रंगवलेल्या नारळांची सप्तपदी, सगळं टेम्पोतून येतं आणि संध्याकाळी टेम्पोतून जातं. करंज्या-लाडवांची ताटं तेवढी घरची.

मला जे सांगायचं आहे ते साधं आहे. आपल्या लग्नविधीत माणसांसाठी मोकळ्या सोडलेल्या जागा आधीपासून आहेत. मंगलाष्टक ही एक. उखाणा ही दुसरी. रुखवत, अंतरपाट, देवक. या जागा भरायला घरचं माणूस लागतं, आणि त्या रिकाम्या ठेवून आपण बाहेर नव्या जागा विकत घेतो.

देवकाचंच बघा. कुणाचं कळंब, कुणाचं पंचपालवी, कुणाचं मोरवेल. कुळ बदललं की देवक बदलतं, आणि एकाच देवकाच्या घरांत सोयरीक करत नाहीत अशी जुनी रीत. मांडवाच्या खांबाशी ते बांधतात, दोन्ही घरची मंडळी नमस्कार करतात. मूळ गावकऱ्यांत अजून मांडव डहाळ्यांना बैलगाड्या निघतात, मग त्या बैलगाड्यांच्या मागे चारचाकींची रांग लागते, आणि दत्त मंदिर रस्त्यावर जे काय होतं ते होतं. सोसायटीतल्या मुलाला विचारलं की तुमचं देवक काय, तर तो आईला फोन लावतो, आई गावी मामाला लावते. मामाला माहीत असतं. अशा फोनांतून जे कळतं त्याच्यावर मी लिहिते.

म्हणून मी पहिल्या भेटीत ‘कसे भेटलात’ हे विचारत नाही. उत्तरं तीनच असतात: कंपनीत, ॲपवर, मावशीनं सुचवलं. मी विचारते, तुमच्या घरी सगळ्यांत आधी कोण उठतं? कुणाचं नाव राहिलं तर वर्षभर अबोला होईल? भांडताना कोणत्या भाषेत भांडता? लग्नाला यायला हवं होतं असं एक माणूस कोण, जे आता नाही? दुसऱ्या प्रश्नाला दोघंही हसतात आणि एकदम खरं बोलायला लागतात.

आता थोडं वृत्ताबद्दल, कारण माझी निम्मी मजुरी तिथेच जाते. मंगलाष्टकं बहुतेक शार्दूलविक्रीडितात असतात. ओळीत एकोणीस अक्षरं, लघु-गुरूंचा ठरलेला क्रम, बाराव्या अक्षरावर थांबा. म स ज स त त ग हे गण शाळेत ज्यांनी पाठ केले त्यांना आठवेल. शेवटच्या चरणाचा थांब्यानंतरचा भाग तर ‘सदा मंगलम्’च्या ध्रुवपदानं आधीच अडवलेला, त्यातली सात अक्षरं गेली. म्हणजे चार ओळींच्या 76 अक्षरांपैकी हातात 69. त्यात नवरा, नवरी, आईवडील, आजीआजोबा आणि आशीर्वाद. काही नावं सोन्यासारखी असतात. राजश्री म्हणजे तीन गुरू, ओळीची सुरुवातच. अनिकेत चौथ्यापासून सातव्यापर्यंत नेमका बसतो. कुणी राजश्री कुणा अनिकेतशी लग्न करत असेल तर मी पैसे कमी घ्यायला तयार आहे. कमलाकर मात्र कुठेच बसत नाही, शेवटची दोन लघु अक्षरं आडवी येतात. पण आजोबांना नुसतं कमलाकर म्हणायचं नसतंच. ‘कमलाकरांस’ म्हटलं, आदरार्थी अनुस्वार आला, की ‘रां’ गुरू होतो आणि आजोबा चौथ्या अक्षरावर रीतसर बसतात. सॉफ्टवेअर हा शब्दसुद्धा सहाव्यापासून बसतो. कुणाच्या मंगलाष्टकात घालायची वेळ अजून आलेली नाही, तशी मागणी दोनचारदा आली होती खरी.

एक लग्न सांगते. मुलगा इथल्याच जुन्या घरातला. घरच्या जमिनीवर सोसायटी झाली, तिच्यातच त्यांना फ्लॅट मिळाले, आणि मुलगा हिंजवडीला कंपनीत. मुलगी लातूरची, त्याच कंपनीत. त्यांनाही भिंत, फलक, तक्ता हवा होता. मंगलाष्टकांबद्दल मुलगा म्हणाला, ‘ते काय, गुरुजी म्हणतात ना तेच चालेल.’ मी माझे प्रश्न विचारले. सगळ्यांत आधी कोण उठतं याचं उत्तर आलं, आजी. कशाला उठते? पाणी भरायला. पाणी तर नळाला चोवीस तास येतं. तरी उठते. आजोबांनी विहीर खणली तेव्हापासूनची सवय. विहीर कुठे? मुलानं खिडकीतून खाली पार्किंगकडे बोट दाखवलं.

मी लिहिलं:

आजोबांनि विहीर खोदलि जिथे, तेथेच आता घरे

ओळ मुलाच्या काकांना पसंत पडली नाही. जमीन विकताना भावाभावांत बरंच काही झालेलं, ‘घरे’ म्हटल्यावर कुणाची घरे हा प्रश्न येतो, आणि लग्नात तो कशाला. काकांचं चूक होतं असं मला वाटत नाही. घरातली खरी गोष्ट बाहेर काढली की तिच्यासोबत आणखी काय काय येतं हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. मुलाचे वडील गप्प. शेवटी आजीला वाचून दाखवली. आजीचा आक्षेप वेगळाच निघाला. ‘त्यांनी एकट्यानं खोदली व्हय? मुरूम कुणी वाहिला?’

म्हणून दुसरी ओळ आली:

आजीनेहि मुरूम वाहुन दिला पाटीत, सांगा खरे

आजी म्हणाली, ‘हि’ कशाला? ‘आजीनेच’ कर. वृत्ताला दोन्ही सारखीच, दोन्ही लघु. मी ‘च’ केला. काका हसले आणि विषय मिटला, निदान त्या दिवसापुरता.

या लग्नात मुलीकडचंही राहायला नको होतं. मुलीचे वडील एसटीत वाहक. महाराष्ट्रात एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे–नगर मार्गावर धावली, हे त्यांना तोंडपाठ होतं आणि त्यांनी मला ते दोनदा सांगितलं. मुलीनं भाड्याचं रुखवत नको म्हटलं आणि स्वतः पुठ्ठ्याची लाल एसटी केली, पाटी ‘लातूर–वाकड पूल’. शिकायला आणि पुढे नोकरीला आलेली ती पहाटे अंधारात वाकड पुलाखाली पिशवी घेऊन उतरायची, तशी इथली निम्मी तरुण मंडळी उतरलेली आहेत. रुखवताच्या टेबलापाशी जी गर्दी झाली ती तिथेच. फुलांच्या भिंतीपुढे फोटो सगळ्यांनी काढले, बोलणी मात्र एसटीपाशी झाली. लातूरकडच्या मावश्या आपण कोणत्या गाडीनं, किती वाजता, कुठली सीट धरून आलो ते सांगत होत्या. मुलीच्या वडिलांनी त्या पुठ्ठ्याच्या गाडीला डबल बेल कशी वाजवायची ते तोंडानं करून दाखवलं.

उखाण्यांचं काम सोपं वाटतं, ते तसं नाही. तयार उखाण्यांची पुस्तकं आहेत, मोबाइलवर शेकड्यांनी मिळतात, आणि त्यात नाव तेवढं बदलायचं असतं. माझा नियम एकच. उखाण्यात जी वस्तू येईल ती त्या घरात असली पाहिजे. चांदीचं ताट नसेल तर चांदीचं ताट नको. एका मुलीला मी हा दिला होता:

भूमकर चौकात अडकली बस, वाजून गेले नऊ,
___राव म्हणाले, भात मी लावतो, तू नको घाबरू.

मंडपात हशा झाला. सासूबाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या, कारण मुलाला भात त्यांनीच शिकवला होता. एका वयस्क पाहुण्यांनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं की नवऱ्यानं भात लावण्याचं चारचौघांत कशाला सांगायचं. मी म्हटलं, भूमकर चौकात एकदा संध्याकाळी साडेसातला उभे राहून बघा. 

चाकणच्या वाहन कारखान्यात काम करणारी मुलं येतात त्यांची अडचण निराळी. त्यांची शिफ्ट आठवड्याला बदलते, मुलगी नर्स असेल तर तिचीही बदलते, आणि दोघं साखरपुड्यानंतर एकमेकांना धड भेटलेलीही नसतात. त्यांच्याकडे ‘गोष्ट’ नसते असं त्यांना वाटतं. अशाच एका मुलानं विचारलं, ‘काकू, आम्हीच एकमेकांना काही म्हटलं तर चालतं का? म्हणजे नवरानवरीनं?’ सिनेमात पाद्रीसमोर शपथा घेतात तसं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं.

चालतं काय, इथे ते दीडशे वर्षांपूर्वी झालं आहे. जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी ब्राह्मण जोश्याशिवाय लग्न लावलं, तेव्हा आपला हक्क बुडाला म्हणून जोशी कोर्टात गेले. 1887 मध्ये फुल्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीचं पुस्तक छापलं. त्यातल्या मंगलाष्टकांत वर आणि वधू एकमेकांशी बोलतात. वधू विचारते, स्त्रियांना स्वातंत्र्य काय ते ठाऊकच नाही, ते हक्क तू देशील अशी शपथ घेतोस का, आणि वर तिला वचन देतो. नाचगाणी, थाट, काही नाही. आजच्या कुठल्याही दिव्यांच्या फलकापेक्षा हे मला जास्त धीट वाटतं, कारण यात नवऱ्यामुलाला भर मांडवात काहीतरी कबूल करावं लागतं.

मी त्या मुलाला पुस्तकाचं नाव दिलं. दोघांनी ते वाचलं आणि तसंच म्हणायचं नाही, आपलं म्हणायचं असं ठरवलं. मुलीनं मागितलं ते एवढंच की लग्नानंतर तिची रात्रपाळी कुणी बंद करायला सांगू नये. मुलानं मागितलं की रविवारी सकाळी त्याला झोपू द्यावं. मी ते वृत्तात बसवलं. कसं बसवलं ते इथे देत नाही, त्या दोघांचं आहे. त्याच्या वडिलांना गुरुजी हवेच होते, तेव्हा गुरुजीही आले. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीनं तयार केलेल्या पोथ्यांमुळे आणि तिथून शिकून निघालेल्या स्त्री-पुरोहितांमुळे मंत्राचा मराठीत अर्थ सांगत लग्न लावणं आता नवलाचं राहिलेलं नाही, त्यामुळे आमच्या गुरुजींनाही या दोघांच्या आठ ओळींची अडचण वाटली नाही. त्यांची अडचण वेळेची होती.

वेळेचं गणित जोडपी धरत नाहीत. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा असेल तर मंगलाष्टकं त्याच्या आधी सुरू होऊन त्यावर संपली पाहिजेत. हौशी आत्या एक अष्टक आळवून म्हणते तेव्हा मिनिट सहज जातं. पाच आत्या, दोन माम्या, एक संगीत विशारद वहिनी, झाली दहा मिनिटं. मूळ गावकऱ्यांच्या लग्नात तर त्याआधी माइकवर पाहुण्यांचं स्वागत असतं. आजी नगरसेवक, माजी नगरसेवक, भावी नगरसेवक, मग आशीर्वादपर दोन शब्द. ते दोन शब्द कधीच दोन नसतात. नवरी बोहल्यावर अंतरपाटाआड उभी, मामा तिच्या मागे उभे, आणि माइकवर पुढाऱ्यांची नावं चाललेली. नवरीचं नाव त्या अर्ध्या तासात एकदाही येत नाही. म्हणून मी लिहिलेल्या पहिल्याच ओळीत नवरीचं नाव घालते. गुरुजींना मी पाचच अष्टकं देते, बाकीची त्यांची. त्यांनी हात वर केला की आत्यांनी थांबायचं हे आधी ठरवून ठेवते. सगळ्याच थांबतात असं नाही.

पत्रिकेवर येते. सोसायटीतल्या मुलांना हल्ली कागदाची पत्रिका नको असते, मोबाइलवर पाठवायला चित्रफीत हवी असते, टोपणनावं, एक गमतीचं वाक्य, स्थळासाठी नकाशाची लिंक. हरकत नाही. पण 1998 च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं लग्नाची नोंदणी 90 दिवसांत करायची असते, त्या अर्जाला तीन साक्षीदार लागतात, लग्न लावणाऱ्याची सही लागते आणि सोबत लग्नपत्रिका जोडतात. पत्रिका नसेल तर प्रतिज्ञापत्र करत बसा. तेव्हा ‘गोलू वेड्स चिंगी’ कामाला येत नाही. मी त्यांना सांगते, वीस-पंचवीस का होईना, साध्या पत्रिका छापून घ्या, पूर्ण नावांच्या. पुढे पारपत्राला, व्हिसाला जे प्रमाणपत्र लागतं त्याची सुरुवात तिथून आहे. त्या साध्या पत्रिकेचं एक प्रूफ आईकडे जातं, आणि मग खरी पत्रिका लिहायला लागते, कारण आई विचारते, ‘आमचे येथे’ म्हणजे कुणाचे येथे?

इथे मला नेहमी थांबावं लागतं. वडील नसलेल्या मुलाची पत्रिका असेल तर निमंत्रक म्हणून काकांचं नाव घालायची रीत. ज्या आईनं शिवणकाम करून शिकवलं ती ‘श्रीमती’ होऊन खालच्या ओळीत जाते, कधी कधी जातच नाही. हळदीला ती मागे उभी. औक्षणाला दुसरी कुणी सवाष्ण. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता घ्यायला सांगितलं. परिपत्रक वाकडच्या हॉलमध्ये पोचायला वेळ लागतो. पण ‘आमच्यासारखं हवं’ म्हणणाऱ्या मुलांना मी हेच विचारते: आईचं नाव कुठे घालू? जो मुलगा तिथल्या तिथे म्हणतो की सगळ्यांत वर, तिच्या एकटीच्या नावानं निमंत्रण जाईल, त्याला मग दिव्यांचा फलक हवा असेल तर खुशाल लावू दे. एका लग्नात आईनं स्वतःच नको म्हटलं. लोक काय म्हणतील यापेक्षा तिलाच धाकधूक होती, मुलाला काही झालं तर. तिथे मी जोर केला नाही. मुलानं मार्ग काढला: पत्रिकेत नाव वर, आणि हळदीच्या दिवशी आईनं फक्त जात्यावर हळद दळायची. दळताना तिच्यासोबत सगळ्याच बसल्या, आणि पहिला हात कुणी लावला हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

दोन प्रांतांची लग्नं इथे आता रोजची. इव्हेंटवाले त्याला फ्यूजन म्हणतात आणि सकाळी एक लग्न, संध्याकाळी एक लग्न असं दुप्पट बिल करतात. एकदा मुलगी मराठी, मुलगा तेलुगू. दोन्ही घरची मंडळी समोरासमोर बसवली आणि आपापलं लग्न क्रमानं सांगा म्हटलं. मुलीची आई अंतरपाटापर्यंत आली तर मुलाची आई म्हणाली, आमच्यातही मध्ये कापड धरतात. त्यांच्यात मुहूर्ताच्या क्षणी दोघं एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गुळाचा गोळा ठेवतात, आपल्यात त्याच क्षणाला अंतरपाट निघतो आणि माळा पडतात. म्हणजे जोडायला काही लागलंच नाही, कापड एकच धरायचं होतं. ते कापड मुलीच्या आजीच्या जुन्या नऊवारीचं होतं, एका कडेला मुलाच्या आत्यानं तेलुगूत दोघांची नावं भरली, दुसऱ्या कडेला मराठीत मुलीच्या काकूनं. मंगलाष्टकांत मी तेलुगू नावं घेतली. ती लांब असतात पण त्यांत दीर्घ अक्षरं भरपूर, त्यामुळे ओळीच्या सुरुवातीला आणि थांब्यानंतर छान बसतात. तिकडच्या पुरोहितांनी ती ऐकून मान डोलावली, वृत्त त्यांच्या कानाला ओळखीचं होतं.

काही कामं मी घेत नाही. वधूच्या जुन्या मित्रांवरचे विनोद, वराच्या पगाराचे उल्लेख, सासूवरचे टोमणे विनोदाच्या नावाखाली. नवरानवरीच्या भांडणाची चित्रफीत पाहुण्यांना जेवताना दाखवायची होती एकांना, तिचं निवेदन लिहायला मी नाही म्हटलं. आपलं सगळंच चारशे लोकांपुढे मांडलं म्हणजे लग्न आपलं झालं, असं नाही. 

हल्ली नवीन काम सुरू झालंय, दुरुस्तीचं. मोबाइलमधल्या यंत्राकडून लोक मंगलाष्टकं लिहून घेतात आणि गुरुजींनी म्हणून बघितल्यावर ती अडतात, मग माझ्याकडे येतात. एका ओळीत सतरा अक्षरं, दुसऱ्या ओळीत बावीस, नवरी चंद्रासारखी, नवरा सूर्यासारखा, दोन्ही कुळं थोर. मी विचारते, घरात सगळ्यांत आधी कोण उठतं, आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिते. पैसे दुरुस्तीचे नाही, पूर्ण लावते.

परवा रहाटणीच्या एका मुलीचा फोन आला. तिला एकाच अष्टकात पाच आत्या हव्या आहेत, कारण वडिलांच्या माघारी तिला या पाचजणींनी वाढवलं. तीन नावं सहज बसतात. उरलेल्या दोघी सुरेखा आणि सुनीता. दोन्ही नावांचा लघु-गुरू क्रम एकच, आणि माझ्याकडे तशी जागा आत्ता एकच मोकळी आहे, तीही थांब्याच्या नंतर. एकीला ओळीत घेतलं तर दुसरीला पुढच्या चरणात जावं लागेल. मी मुलीला म्हटलं, थोरली कोण ते मला सांगू नकोस, त्या दोघींनाच विचार आणि उद्या संध्याकाळपर्यंत कळव. अजून कळवलेलं नाही. दोघी एकमेकींना ‘तू आधी’ म्हणतायत, असं मुलीचं म्हणणं आहे.